दम लागायला हवा

हळू चाला, असं मी ह्यांना बसमध्ये चारदा बजावलं होतं. "मध्येच थांबा. भिंतीला हात लावा. खोकला आला तर दाबू नका." हे मुकाट मान डोलावत होते. पण माणूस शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झालेला. तापाचं सोंग करून मैदान चुकवणाऱ्या पोरांचे कान पिळण्यात जन्म गेला. ह्यांना सोंग शिकवायचं म्हणजे आनंदच होता.

ह्यांची फुप्फुसं हळूहळू कडक होत चालली आहेत. तीन वर्षांपूर्वी एका नव्या गोळीची चाचणी सुरू झाली, तेव्हा डॉक्टरांनी ह्यांचंही नाव घातलं. गोळी लागू पडली. चाचणी संपली, गोळी दुकानात आली आणि किंमत ऐकून मी केमिस्टला पुन्हा विचारलं, एका पाकिटाची ना? स्वस्तात करून देणारे कारखाने आहेत म्हणे, पण पेटंट संपेपर्यंत त्यांना ती करता येत नाही. तोवर आमची नात शाळा संपवेल. ती अजून रांगतेय.

मी गोळी काढणाऱ्या कंपनीच्या नावानं बोटं मोडली की ह्यांना आवडत नाही. "अगं, किती वर्षं घासली त्यांनी. बाकीची औषधं फुकट गेली तेव्हा कुठे हे एक जमलं. खर्च कुठून काढायचा?" असेलही खरं. ह्यांना श्वास त्यांनीच दिला, हे मी नाकारत नाही. पण दिलेलं काढून घेणाऱ्याचे आभार कसे मानायचे, ते मला जमत नाही.

कंपनीची एक मोफत योजना आहे, ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी. पण पेशंट पुरेसा आजारी हवा. सहा मिनिटांत किती चालतो, त्यावरून ते ठरवतात.

दवाखान्याच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये दोन टोकांना दोन नारंगी खुणा ठेवल्या होत्या. सिस्टरनं ह्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, स्टॉपवॉच काढलं आणि "सुरू" म्हणाली. झालं. ह्यांची पाठ ताठ झाली, हनुवटी वर गेली. पहिल्या वळणावर मी डोळे वटारले. दुसऱ्या वळणावर स्वतः खोकून दाखवलं. हे माझ्याकडे न बघता सरळ पुढे गेले. वेळ संपली तेव्हा घामेजले होते आणि खूश दिसत होते.

"उत्तम," डॉक्टर म्हणाले, आणि मग त्यांचाच चेहरा उतरला. "पण योजनेत बसत नाही हो, सर. गोळीनं फार सुधारलात."

बाहेर सिस्टर माझ्याजवळ आली. "काकू, गोळी बंद ठेवा आणि महिन्यानं आणा. तेव्हा बसतील."

"आणि गेलेला श्वास? तो येतो परत?"

"थोडा येतो," ती म्हणाली. "सगळा नाही येत."

घरी विकत आणलेलं अर्धं पाकीट उरलं होतं. ते मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. "चुकलंच माझं," हे म्हणाले. मी म्हटलं, जाऊ द्या. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

तेव्हापासून मी ह्यांचा श्वास ऐकत असते. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, कान तिकडेच. परवा आंघोळ करून आले आणि पलंगावर बसले ते बसलेच. टॉवेल हातात तसाच.

"दम लागला गं," म्हणाले.

मला आनंद झाला. माझ्या नवऱ्याला दम लागला म्हणून मला आनंद झाला.

"एवढा पुरे होईल का?" त्यांनी विचारलं.

मी पाठीवरून हात फिरवत राहिले. "अजून नाही," म्हटलं.