अंगठ्याखालची धपधप

कानाच्या दवाखान्यात मी सव्वीस वर्षं चिमटे, ताटल्या आणि सक्शनच्या बाटल्या धुते. कानातली घाण नळीने ओढली की ती या बाटलीत जमा होते. लोक म्हणतात, सवय होते. होत नाही. कुजलेल्या कानाच्या पूचा वास आला की अजून मी पदर नाकाला लावते.

दुसरं काम हात धरायचं. नुसता कान बधिर करून काम चालतं तेव्हा रोगी हलू नये म्हणून मी त्याचं मनगट धरून बसते. मी हात सोडला की डॉक्टरने हत्यार थांबवायचं, हा इथला नियम.

त्या दिवशी टेबलावर शिलाईकाम करणारी बाई होती. दोन वर्षं तिच्या उजव्या कानात धपधप चालू होती.

"मशीन चालू असलं की कळत नाही, मावशी. पाय थांबला की सुरू," ती मला म्हणाली.

"कानात घड्याळ बसवून घेतलंय," दारातून तिची थोरली जाऊ बोलली, "आणि तरी रोज उशिरा उठते."

बाई हसली, पण तिचा तळवा घामाने चिकट झाला होता.

धाकटे डॉक्टर आले. उकडलेलं अंडं खाऊन आले होते. मास्कच्या आत ढेकर दिली, तरी वास माझ्यापर्यंत पोचला. कानाच्या पडद्यामागे लाल फुगवटा आहे, म्हणजे रक्ताळलेलं पाणी साचलंय, असं त्यांनी तपासताना ठरवून टाकलं होतं. स्कॅनबिन काही काढला नव्हता. पडद्याला छेद द्यायचा, पाणी ओढायचं, दहा मिनिटांत मोकळं.

समोरच्या स्क्रीनवर बाईचा कान विहिरीएवढा दिसत होता. मेणचट भिंती, त्यांना चिकटलेले केस, आणि तळाशी पडद्यामागे सोललेल्या मांसासारखा लाल गोळा. मला शिसारी आली. मान वळवणार तोच दिसलं, गोळा उडतोय. माझ्या अंगठ्याखाली बाईची नाडी होती. नाडीचा ठोका पडला की गोळा वर यायचा. मी वीस ठोके मोजले. एकही चुकला नाही.

"साहेब, ते नाडीबरोबर उडतंय."

"पूसुद्धा उडतो, मावशी."

"फाटक्या पडद्यातून बाहेर येताना उडतो. हिचा पडदा शाबूत आहे."

"तुम्ही हात धरा. कान मी बघतो." त्यांनी बारीक सुरी उचलली.

मी मनगट सोडलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"हात धरा म्हटलं ना."

"मोठ्या डॉक्टरबाई आल्या की धरते."

ते मला काय काय बोलले ते लिहीत नाही. आवाज ऐकून शेजारच्या खोलीतून मोठ्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी स्क्रीनकडे पाहत स्वतः बाईचं मनगट धरलं.

"सुरी खाली ठेव," त्या म्हणाल्या.

दुपारी स्कॅन झाला. मेंदूकडे जाणारी मोठी धमनी जन्मापासूनच वाट सोडून पडद्यामागच्या पोकळीतून गेली होती. छेद त्या धमनीवरच बसला असता. मोठ्या बाईंनी शिलाईवालीला समजावलं, की धपधप राहील, पण त्या कानात पुन्हा कुणाला हत्यार घालू द्यायचं नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "मशीन आहेच."

जाऊ एका खुर्चीवर बसून रडत होती. धाकटे डॉक्टर तिच्याजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "मला शंका होतीच. म्हणून तर घाई केली नाही."

मग माझ्याकडे वळून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्या मावशी फार हुशार."

त्या दिवशी सक्शनची बाटली कोरडीच राहिली होती. मी मोरीवर गेले, पदर बाजूला केला आणि तो खांदा साबणाने दोनदा धुतला.