स्वयंपाकघर निघालं

मंगळवारी सकाळी आमचं स्वयंपाकघर हॉलपासून सुटलं आणि पूर्वेला निघालं. शालन, म्हणजे माझी बायको, ओट्यापाशी कणीक मळत होती आणि मी हॉलमध्ये कोचावर क्रिकेट बघत होतो. मधल्या उंबऱ्यात बोटभर फट पडली.

"अहो, इकडे या," ती म्हणाली.

"आलोच."

आमच्या घरात आलोच म्हणजे ओव्हर संपल्यावर. ती संपली तेव्हा फट हातभर झाली होती आणि तिच्यात समुद्र आला होता. छोटासाच, पण खारा.

सोसायटीचे सेक्रेटरी हर्डीकर आले. त्यांनी वाकून समुद्रात बोट बुडवलं, चाखलं.

"लीकेज आहे, काका. वरच्यांचं बाथरूम."

"त्यात लाटा आहेत."

"प्रेशर जास्त असेल."

त्यांनी फटीत व्हाइट सिमेंट भरलं. ते दोन्ही किनाऱ्यांना निम्मं निम्मं चिकटलं आणि किनारे पुन्हा लांब गेले.

शालन कपडे वाळत घालायच्या काठीला पिशवी अडकवून मला पोळीभाजी पाठवत राहिली. काठी पुरेना तेव्हा तिने विचारलं, "उडी मारता?"

मी अंतर पाहिलं. मधून मासेमारीची होडी चालली होती. होडीवाल्यांनी हात केला, मीही केला.

"राहू दे," मी म्हणालो.

"मग मी पलीकडून येते. गोल आहे ना पृथ्वी?"

"गोल आहे. पण जमीन नखं वाढतात त्या वेगाने सरकते, शालन. तू पोचेस्तोवर मी नसेन."

"ती तुमची नखं. मी भरभर चालणारी आहे."

आणि गेली. मधूनमधून फोन करायची. ब्रह्मदेश मागे पडला. प्रशांत महासागरात शेजार नाही, पण कपडे छान वाळतात. मी इकडे खाकरे खात होतो. घराला समुद्र आल्यामुळे वारा उत्तम होता. फक्त दुपारी चारला दोन कप काढायची सवय जाईना, आणि आमच्या हॉलला गॅस नव्हता.

"आफ्रिकेला जरा घासलं," एकदा फोन आला. "तुमच्याकडे काही पडलं का?"

"घड्याळ वाकडं झालं."

"सरळ करा. आलेच आहे."

रविवारी ती गॅलरीसमोर, पश्चिमेला दिसली. ओट्याला घट्ट धरून उभी होती. उन्हाने रापली होती, तब्येत सुधारली होती.

"सरका हो! मला थांबवता येत नाही याला."

मी सरकलो नाही. इतक्या लांबून माणूस येतं तेव्हा दारात उभं राहावं.

धडक अगदी हळू लागली. गॅलरीच्या फरश्या दुमडून वर आल्या, त्यांच्याखालून माती, मग खडक. आमच्या दोघांच्या बरोबर मध्ये डोंगर उगवू लागला. आधी तिचे हात दिसेनासे झाले, मग अंबाडा.

"अहो, चढता ना?" पलीकडून आवाज आला.

"चढतो."

"मग वर भेटू. सावकाश या, दगड अजून गरम आहेत."

मी चढतोय, ती चढतेय, डोंगरही चढतोय. कुणालाच घाई नाही. पहिला ढग माझ्या कमरेला लागला आहे. वर बर्फात तिच्या बांगड्या वाजतायत, आणि शिखर अजून तयार व्हायचं आहे.