दार म्हणालं, आई आल्या

सुनेचं वागणं म्हणजे सगळं आपल्याच मनानं. घरातल्या मोठ्या बाईला एका शब्दानं न विचारता तिनं जुनं दार काढलं आणि तोंड बघून उघडणारं नवं बसवलं. वर तोऱ्यात सांगितलं, की आई, आता उठायची दगदग नको. घरचं माणूस दिसलं की हे नाव घेऊन स्वागत करेल आणि आपोआप उघडेल, परकं कुणी आत पाऊल टाकणार नाही.

सासूबाईंचा पारा चढला. तीस वर्षं त्या दारावर त्यांचं राज्य होतं. चौदा मजल्यांच्या इमारतीत समोर कोण राहतं हे कुणाला ठाऊक नसायचं, पण लिफ्टमधून कोण उतरलं ते त्यांना चपलेच्या आवाजावरून कळायचं. मग दाराच्या भोकाला डोळा लावायचा आणि कुणाला आत घ्यायचं ते ठरवायचं. सख्ख्या धाकट्या बहिणीलाही त्यांनी त्या भोकातून दोनदा पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा कडी न काढता आत जाऊन भांडी घासत बसल्या होत्या. त्यांच्या आईच्या माघारी तिचं शिलाई मशीन धाकटीनं न विचारता उचलून नेलं, त्याला सात वर्षं झाली होती.

नव्या दाराला भोकच नव्हतं. सुनेनं त्यांना समोर उभं करून, इकडे बघा, तिकडे बघा करत दाराला त्यांचा चेहरा ओळखायला शिकवलं. कपाळाला आठ्या घालू नका म्हणाली. त्यांनी मुद्दाम घातल्या.

आठवड्यानं एका दुपारी त्या एकट्याच स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. बाहेरून दार गोड आवाजात म्हणालं, "आई आल्या. या आई."

शेंग हातातच राहिली. आपण तर इथे बसलोय, मग आल्या त्या कोण?

जाऊन पाहतात तर धाकटी. एक पाय आत, एक बाहेर, पार भेदरलेली. या वेळीही दार उघडलं नाही तर पुन्हा म्हणून यायचं नाही, असं ठरवून आली होती. बेलकडे नुसता हात नेला होता म्हणे.

जन्मभर सासूबाई सगळ्यांना सांगत आल्या होत्या, की धाकटीचं नाक नकटं, आपलं सरळ. दोघींत काडीचं साम्य नाही.

"ताई, मी घुसले नाही," धाकटी म्हणाली. "तुझ्या दारानंच मला तू समजून आत घेतलं."

सासूबाई हसू दाबायला गेल्या, ते नाकातून फुटलं. मग धाकटीचंही फुटलं. दोघी भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. नंतर धाकटीला आतबाहेर करायला लावून त्यांनी ते दार आणखी पाच वेळा फसवलं.

संध्याकाळी सून आली तेव्हा मटार सोलून झाले होते, शिलाई मशीनचं भांडण अर्ध्यावर आलं होतं आणि चहाची तिसरी फेरी चालू होती. सगळं ऐकून ती ओशाळली. उद्याच कंपनीचा माणूस बोलावते म्हणाली. असं कुणालाही आत घेणारं दार काय कामाचं.

सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"कुणाला बोलावू नकोस, सूनबाई. दार तुझं ठार आंधळं आहे, आणि तू अतिशहाणी आहेस. पण माझ्या धडधाकट डोळ्यांनी सात वर्षं जे केलं, त्यापेक्षा त्या आंधळ्यानं बरं केलं. राहू दे ते. फक्त हिचं नाक नकटं आहे, एवढं त्याला नीट समजावून सांग."