पाऊण टाकी

टाकीत उतरलेला माणूस आतून ब्रशने पत्रा घासत होता. त्याचा खरखराट माझ्या खोलीपर्यंत येत होता, आणि माझ्या भिंतीवरचा मीटर सांगत होता, टाकीत पाऊण तेल आहे.

मी फिटरला हाक मारली. आमच्या साबणाच्या कारखान्यात तो माझ्या नवऱ्याच्या वेळेपासूनचा.

"भाऊजी, तो आत पोहतोय की काय?"

तो हसला नाही. पक्कड या हातातून त्या हातात घेत राहिला.

"वहिनी, शांतपणे ऐका."

"शांतच आहे. बोला."

टाकीवरच्या ट्रान्समीटरला दोनच तारा. त्यांतूनच त्याला वीज मिळते आणि त्यांतूनच तो तेल किती ते कळवतो. आधी त्या तारेत माझा एकटीचा मीटर होता. मग माझ्या थोरल्या मुलाने केबिन बांधली, त्याला मीटर हवा झाला. थोरल्याला मिळाला म्हटल्यावर धाकटा गप्प बसतोय होय!

"सप्लाय चोवीस व्होल्टचा," फिटर म्हणाला. "ट्रान्समीटरला जगायलाच बारा लागतात. पॅनेल पाच खातं. उरल्यात दोन मीटर भागतात. तिसरा घातला, तर टाकी भरत आली की तारेतला करंट वाढतो, मीटर जास्त खातात आणि ट्रान्समीटर उपाशी. आकडा मधेच अडकतो. मागे टाकीतून तेल उतू गेलं ना, ते त्यामुळेच."

त्या दिवशी "आई, तुझं लक्ष नव्हतं," असं थोरला सगळ्यांदेखत म्हणाला होता. मी ऐकून घेतलं. वाटलं, वय झालं, चुकले असेन.

"मग?"

"मग एक मीटर काढायचा ठरला."

"कुणी ठरवलं?"

"दोघांनी."

"आणि हा काटा कशाच्या जोरावर उभा आहे?"

"मागे सेल बसवलाय. सकाळी टाकी पाऊणच असते, म्हणून तिथे थांबवला. थोरले साहेब म्हणाले, आईला वाईट वाटायला नको."

"मोठा सप्लाय बाजारात मिळत नाही?"

"मिळतो की. छत्तीसचा बसवला तर तिन्ही मीटर सुखाने चालतील. मी म्हटलं होतं तसं."

"त्यावर?"

"म्हणाले, कशाला उगाच."

दोघांनाही याच टेबलाखाली झोपवून मी हा कारखाना चालवला. तेव्हा जागा कमी पडली नव्हती.

"आणि तुम्ही, भाऊजी? रोज सकाळी दारात उभे राहून विचारायचात, 'पाऊण ना वहिनी?' जीभ जड नाही झाली?"

मी भिंतीवरच्या मीटरकडे बोट केलं.

"काढा तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला फोन कानाला लावून दाराशी आला. टाकी अजून कोरडीच होती. भिंतीवर मीटरच्या जागी दोन भोकं आणि गोल पांढरा डाग. मीटर माझ्या मांडीवर, मी फडक्याने काच पुसत होते.

"आई, टाकी किती?" रोजच्या सवयीने त्याने विचारलं.

"पाऊण."

"छान," म्हणाला आणि फोनवर बोलत पुढे गेला.

मांडीवरचा काटा जागचा हलला नव्हता. मी काच पुसत राहिले.