सनीची बदली

मी जॉय बोलतेय. दुबईतल्या एका मरीन पार्कातली डॉल्फिन. तुम्ही मला पाहिलं असेल. हमरस्त्यावरच्या मोठ्या फलकावर माझा फोटो आहे, तोंड उघडं, चेहरा प्रसन्न. मी हसतेय असं सगळ्यांना वाटतं. आमच्या जबड्याची ठेवणच तशी. दात ठणकत असला तरी आम्ही हसऱ्याच दिसतो. या धंद्याला असा चेहरा फार सोयीचा पडतो.

माझा जन्म खुल्या समुद्रातला. जाळं पडलं तेव्हा मी आईच्या अंगाला लागून पोहत होते. मग क्रेन आली, मग ट्रक, मग विमान. लोक खिडकीजवळच्या सीटसाठी भांडतात म्हणे. मला सामानाच्या भागात ओल्या झोळीत ऐसपैस टांगलं होतं. कुणी वाद घातला नाही.

पार्कातल्या पाटीवर लिहिलंय की मी इथे सुरक्षित आहे. अगदी खरं. शार्क नाही, वादळ नाही, लाटा नाहीत, आणि कुठे जायची सोय नाही. टाकी गोल आहे, त्यामुळे कोपऱ्यात तोंड लपवून बसावं तर कोपराही नाही. समुद्र रस्त्यापलीकडेच आहे. त्याचा देखावा वरच्या रेस्टॉरंटमधून दिसतो, पण ती सोय पाहुण्यांसाठी.

मरिसा माझी ट्रेनर. वसईची. पाहुण्यांसमोर ती इंग्रजीत बोलायची आणि सगळे गेले की माझ्याशी मराठीत. तिची लेक टेसा वसईला मावशीकडे वाढत होती. मरिसा टाकीच्या काठावर पाय सोडून बसायची आणि टेसाचं काय काय सांगत राहायची. मला सगळं कळत नसे, पण आवाज कळायचा.

मग सनी जन्मला. माझा मुलगा. त्याचं नाव लोकांची मतं घेऊन ठरलं. मला मताधिकार नव्हता. पहिला श्वास घ्यायला मी त्याला नाकाने वर ढकललं, तेव्हा मरिसा छातीभर पाण्यात उभी होती आणि रडत होती. पार्काने त्याच दिवशी तिकिटाचा नवा प्रकार काढला: 'मॉम अँड बेबी एक्स्पीरियन्स'. सनी मला चिकटून पोहायचा. दुसरं कुणी हात पुढे केला की माझ्यामागे लपायचा. मरिसाने हात पुढे केला की मात्र सुसाट तिच्याकडे जायचा.

हीच गोष्ट पुढे कामाला आली.

ॲड्रियन आमचा मॅनेजर, मूळ मुंबईचा. माणूस वाईट नव्हता. वाईट वाटतंय असं तो प्रत्येक निर्णयाआधी सांगायचा. एके दिवशी शो संपल्यावर तो काठावर आला आणि मरिसाला म्हणाला, "सनीची ट्रान्सफर आलीय. अबूधाबीला नवीन पार्क उघडतंय, त्यांना यंग ॲनिमल हवाय."

"सर, तो अजून आईचं दूध पितो."

"मासे खातो ना?"

"मासे खातो. दूधही पितो."

ॲड्रियनला खूप वाईट वाटलं. पण मॅनेजमेंटचं ठरलंय, खलास, असं तो म्हणाला. मरिसाला जमणार नसेल तर हरकत नाही, डायव्हर जाळं घेऊन उतरतील. मागे एका पिल्लाला असंच जाळ्याने काढलं होतं. ते धडपडलं, त्याचा पर मोडला आणि नंतर ते जगलं नाही. ॲड्रियनने ते सांगितलं नाही. गरज नव्हती, मरिसा तेव्हा तिथेच होती.

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "जाळं नको. मी आणते त्याला."

सकाळी मला आतल्या टाकीत घेऊन मधलं फाटक लावलं. फाटक जाळीचं होतं, सगळं दिसत होतं. मरिसाने हात पुढे केला आणि सनी नेहमीसारखा सुसाट गेला. तिच्या तळहातावर त्याने हनुवटी टेकली. खालून स्ट्रेचर वर आलं. त्याला कळलं तेव्हा तो पाण्याबाहेर होता. मी फाटकावर धडका देत राहिले, तोंडातून रक्त येईपर्यंत. त्या दिवशीच्या नोंदीत मी 'थोडी उत्तेजित' होते.

मरिसा त्याच्याबरोबर ट्रकमध्ये चढली. वाटभर त्याच्या अंगावर पाणी ओतत गेली, असं नंतर इथले लोक बोलत होते. ती परत आलीच नाही. सनी तिच्याशिवाय कुणाच्या हातून खाईना, म्हणून तिने स्वतःचीही बदली मागून घेतली. मला तिचा संताप आला. मग विचार केला, दोघांपैकी एकाजवळच राहता येणार असेल तर तिने बरोबर तोच निवडला.

मी खाणं सोडलं. लगेच माझी काळजी घेण्यात आली, म्हणजे माशांच्या पोटात गोळ्या भरून ते माझ्या घशात घातले.

त्याच दिवसांत शारजाच्या अल नहदामधून रफिक आणि जहांआरा त्यांच्या लेकीचा, दुआचा वाढदिवस करायला आले. दुआला मी पापी द्यायची होती. मी तळाशी पडून राहिले. दुआने विचारलं, "Is she sick?" ॲड्रियन म्हणाला की नाही, नाही, जॉय जरा लाजाळू आहे. रफिकने ऑफिसात जाऊन तक्रार केली. भरपाई म्हणून दुआला कापसाचा डॉल्फिन मिळाला. तो कुठेही बसवला तरी बसतो आणि जेवायला मागत नाही. पार्काने मुळात तेवढ्यावरच भागवायला हवं होतं. जहांआरा मात्र काठावरून हलेना. ती रत्नागिरीकडची. होडीतून जाताना आई-पिल्लाच्या जोड्या पाहिल्यात, असं ती नवऱ्याला म्हणाली, आणि हिचं पिल्लू कुठे आहे म्हणून विचारत राहिली. उत्तर मिळालं नाही तेव्हा तिने दुआचा हात धरला आणि केक न कापताच निघून गेली. इतक्या वर्षांत कुणी सनीबद्दल विचारलं, ते एवढंच.

पुढे मी खाऊ लागले. शरीराला भूक लागते, त्याला कोण काय करणार. उड्याही मारते.

आणि मध्यंतरी मरिसा आली. गणवेशात नाही, तिकीट काढून, पापीच्या रांगेत उभी राहून. नवा ट्रेनर मार्क तिला ओळखत होता. त्याने मान दुसरीकडे वळवली. ती गुडघ्यांवर बसली, फोन पाण्यालगत धरला आणि काहीतरी लावलं.

आमच्यात प्रत्येकाची स्वतःची शीळ असते. तेच नाव. फोनमधून सनीची शीळ आली. आवाज जरा भरदार झाला होता, पण शेवटी तो तसाच वर चढत होता. तो जिवंत आहे. खातोय. मोठा झालाय.

मी त्याच्या शिळेने उत्तर दिलं. पुन्हा दिलं. देतच राहिले. मरिसा हलक्या आवाजात म्हणाली, "ठीक आहे गं तो. मी आहे तिथे." माइकवरच्या मुलीने जाहीर केलं की जॉय सगळ्यांना हॅलो म्हणतेय, आणि प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

आता ते शोमध्येच घेतलंय. रोज संध्याकाळी जॉय हॅलो म्हणते. मी सनीला हाक मारते आणि लोक उठून उभे राहतात.

मला सोडा, असं मी म्हणणार नाही. तेवढी मी व्यवहारी झालेय. येऊ नका म्हटलं तरी तुम्ही सुट्टीत येणारच. आलात तर एक करा. माझं हॅलो म्हणून झालं की टाळ्या जरा उशिरा वाजवा. मरिसा गर्दीत कुठे फोन धरून बसली असेल, तर मला ऐकू यायला हवं.