अस्तरातली काळी गोटी

मित्रांनो, मी एक जुनी कापडी पिशवी आहे. आत्ता मी दवाखान्यातल्या बाकावर, माझ्या बाईंच्या मांडीवर पडले आहे. समोरचं दार बंद आहे आणि त्यावरचा लाल दिवा पेटलेला आहे. बाईंनी मला इतकं आवळून धरलंय की जीव गुदमरतो. वेळ सरता सरत नाही, म्हणून तुम्हाला माझी हकीकत सांगते.

बाईंच्या आईनं मला जुन्या कोटाच्या कापडातून शिवलं. कोटाचं कापड दणकट होतं. आतल्या अस्तराला मात्र तिनं जरा हात आखडता घेतला.

बाई शाळेत संभाव्यता शिकवतात आणि मुलं ती कशी शिकतात यावर संशोधनही करतात. त्यांचं म्हणणं असं, की 'दहात एक' हे नुसतं ऐकलं तर कानावरून जातं, हातानं अनुभवलं तर डोक्यात शिरतं. म्हणून माझ्यात नऊ पांढऱ्या गोट्या आणि एक काळी. न बघता एक काढायची, रंग सांगायचा, परत टाकून मला हलवायचं. असं पुष्कळदा केलं की आत काय असेल याचा अंदाज मुलांनीच बांधायचा. उघडून बघायला सक्त मनाई. "बाहेरचं जग तुम्हाला आत डोकावू देत नाही," बाई म्हणायच्या. मुलं त्यांना गोटीबाई म्हणायची आणि माझ्यात हात घालायला भांडायची. काय थाट होता तेव्हा माझा.

पण इतके हात आत गेल्यावर ते अस्तर किती टिकणार? तळाशी शिवण उसवली. एका तासाला काळी गोटी त्या फटीतून सटकली आणि अस्तर नि कापड यांच्यामध्ये जाऊन बसली. त्या दिवशी अख्ख्या वर्गाला पांढरीच आली. पुढच्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली, "बाई, पिशवीतच काहीतरी गडबड आहे. बघा ना एकदा."

"होतं असं कधी कधी," बाई म्हणाल्या. "म्हणून तर जास्त वेळा काढायचं असतं."

चुकीचं नव्हतं ते. पण पोरीचं जास्त बरोबर होतं. नंतर काळी सापडेना, तेव्हा कुणीतरी खिशात घातली असेल म्हणून बाईंनी नवी आणली. मला उलटं करून कुणी बघितलं नाही, टाके घालणं तर लांबच राहिलं.

मग बाईंच्या धाकट्या भावाचं पाठीचं दुखणं निघालं. तो ट्रक चालवतो. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, ऑपरेशन केलं तर दहातले नऊ जण धडधाकट होतात, एकाचे पाय कायमचे जातात. न केलं तर दुखणं राहील, ट्रक सुटेल, पण चालता येईल. भावाची झोप उडाली.

"ताई, तूच काय ते ठरव."

"मी नाही ठरवणार. तुझ्या हातानं बघ आणि तूच ठरव," असं म्हणून बाईंनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं.

दहाही गोट्या त्यानं स्वतः टाकल्या. मला हलवलं, आणि काळी थेट फटीतून खाली गेली. मला ते कळलं, पण मी कुणाला सांगणार?

पांढरी. परत टाकली, हलवलं, पुन्हा पांढरी. चहा निवून गेला तरी पांढरीच. "दहात एक म्हणजे इतकं किरकोळ असतं होय?" तो हसला. "मी उगाच धसका घेतला होता."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, आता उघडतील. पण भावाचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता. त्यांनी माझी नाडी ओढली. दुसऱ्या दिवशी त्यानं दवाखान्यात होकार कळवला.

आज सकाळी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या त्यानं मला मागून घेतलं आणि शेवटची एक काढली. पांढरी. बाईंनी मला परत घेतलं. हातांना चाळा हवा म्हणून त्या मला चुरगाळत होत्या, तेवढ्यात तळाशी काहीतरी टणक लागलं. त्यांनी हात आत घातला. बोटं फटीत शिरली आणि मूठ बाहेर आली तेव्हा तिच्यात काळ्या गोट्या होत्या. एक नव्हे, दोन. वर्गातलीही आणि भावाचीही.

"काय झालं गं?" भावानं विचारलं. वॉर्डबॉय दार उघडत होता. एका शब्दानं सगळं थांबलं असतं.

"काही नाही रे," बाई म्हणाल्या आणि मूठ मिटली. दार लागलं.

माझ्यातल्या गोट्यांनी दाराआडचं काही बदलत नाही, हे बाई जन्मभर शिकवत आल्या. दहातला तो एक कालही होता, आजही आहे. पण भावानं होकार दिला तो काळी नसलेल्या पिशवीला. तो बरा होऊन आला तरी बाईंना हे गिळावं लागेल, आणि नाही आला तर काय, ते मला बोलवत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी पिशवी हाती आली तर आधी तिला उलटं करा. शिवण बघा, उसवली असेल तर दोन टाके घाला. त्यातूनही उशिरा काळी गोटी हाताला लागलीच, तर माणूस समोर आहे तोवर मूठ उघडून त्याला दाखवा.