दुसरी बादली

आखातातल्या मंगफच्या त्या कामगार वस्तीत न्हाणीघर म्हणजे पत्र्याखालची एक लांब मोरी, भिंतीलगत सिमेंटची टाकी आणि टाकीभोवती रोजची भांडणं. सगळे कोकणातले सुतार, गवंडी, वेल्डर. टँकर एक दिवसाआड यायचा, आणि जुलैत ते पाणी संध्याकाळीही अंग पोळायचं. तरी तांब्याभर पाण्यासाठी माणसं हमरीतुमरीवर यायची.

याच मोरीत गावाकडची एक रीतही सांभाळली जायची. घरी मूल झालं किंवा कुणी गेलं, तर कळताक्षणी अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं. सुट्टी देणं कंपनीच्या हातात. एवढं तरी आपल्या हातात.

सखारामची बायको रत्नमाला बाळंतपणाला माहेरी गेली होती. दिवस भरले होते. त्या संध्याकाळी तो कामावरून सगळ्यांच्या शेवटी परतला आणि मोरीच्या दारात थबकला. ओट्यावर दोन बादल्या काठोकाठ भरलेल्या. टाकीचा तळ दिसत होता. बाकीचे घामेजलेले, सिमेंटने माखलेले, तसेच भिंतीला टेकून उभे.

"आयला, दुकानात फोन आला म्हणायचा!" तो हरखला. वस्तीचे फोन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातच यायचे. "काय झालं? गुरुप्रसाद, लेका, पेढ्यांसाठी जीव खात होतास ना? बोल की!"

खोलीतला सोबती गुरुप्रसाद, एरवी तोंडाळ. त्याने मान फिरवली.

"मुलगी," वयाने मोठे बाळासाहेब म्हणाले. "चांगली आहे."

"मग तोंडं का पाडलीत? मुलगी झाली म्हणून? हुंडा तुम्ही देणार आहात काय?"

कुणी हसलं नाही. सखारामची नजर ओट्याकडे गेली.

"दादा, जन्माला एक बादली पुरते. दुसरी कशाला?"

बाळासाहेबांनी दुसऱ्या बादलीच्या काठावर हात ठेवला.

"ती टाकीत ओता परत. ही माणसं बिनआंघोळीची उभी आहेत. ओता म्हणतो ना!"

"सखा, सकाळी गेली रे रत्नमाला."

तो बूट न काढताच मोरीत बसला. बाळासाहेबांनी पहिली बादली त्याच्या डोक्यावर हळूहळू रिती केली. मग दुसरी. पाणी पोळत होतं. त्याने डोळेही मिटले नाहीत.

"अग्नी द्यायला थांबलेत माझ्यासाठी?"

"नाही रे. दुपारीच उरकलं."

"आणि पोर?"

"तुझ्या सासूकडे. शेजारची एक लेकुरवाळी पाजते तिला."